दगडांचा आवाज जपणारी टेप

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे हं! ताटाएवढ्या चाकावर गुंडाळलेल्या माझ्या अंगावर जमिनीखालच्या दगडांचे आवाज आहेत.

मित्रांनो, माझं काम सुरू झालं एका नदीच्या खोऱ्यात. माणसं जमिनीत छोटा सुरुंग उडवत. त्याचा हादरा खोल जाई, खडकांच्या थरांवर आपटून परत येई आणि मी तो टिपून घेई. मग मी सिद्धलिंग साहेबांच्या हाती आले. ते दुधनीचे, भूभौतिकशास्त्रज्ञ. पंप, ट्रॅक्टर, वारा यांचा गोंगाट संगणकावर बाजूला काढायचा आणि उरलेल्या प्रतिध्वनींतून जमिनीच्या पोटाचं चित्र तयार करायचं, यात त्यांची हयात गेली. माझ्या चित्रात त्यांना खोलवर एक वाकलेला थर पुसटसा दिसला. वरिष्ठ हसले, "सिद्धलिंग, डोळे तपासून घ्या!" पण तो थर काही साहेबांच्या मनातून जाईना.

पुढे नवी यंत्रं आली आणि आम्ही टेपा अडगळीत पडलो. भंगारात निघालेल्या ढिगातून साहेबांनी रीतसर परवानगी घेऊन मला उचललं आणि निवृत्तीनंतर सोलापूरला आणलं. तिथे त्यांच्या पत्नीनं, ईरम्माबाईंनी, माझ्यावर कडक भाकरीचा डबा ठेवला. दगडांची राखणदार मी, डब्याचा पाट झाले! फार वाईट वाटायचं मला.

मागच्या उन्हाळ्यात रेश्माचा फोन आला. ती साहेबांची विद्यार्थिनी, आता हैदराबादच्या एका प्रयोगशाळेची प्रमुख. तिला त्या खोऱ्याची जुनी नोंद हवी होती. ते खोरं धरणाच्या पाण्याखाली गेलंय, पुन्हा मोजणी करता येत नाही आणि बाकीच्या टेपा कधीच नाहीशा झाल्या. उरले मी एकटी. साहेब मला मांडीवर घेऊनच रेल्वेत बसले.

"सर, लावू का लगेच?" रेश्माला दम निघेना.

"थांब की! हिनं ओल धरलीय. आत्ता फिरवली तर अंगावरचा लेपच सुटून येईल, सगळं जाईल. आमच्या सोलापुरात भाकरी मंद आचेवर कडक करतात. घाई केली की मोडते."

दिवसभर त्यांनी मला उबदार पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर चढले. ओल सुकली तरी लेप कच्चाच होता; एकदाच फिरता येणार, हे मलाही कळत होतं. भीती वाटत होती, तरी जपून ठेवलेलं सगळं मी सांगून टाकलं. नव्या संगणकानं गोंगाट दूर केला आणि पडद्यावर तो थर उमटला. वाकलेला आणि अगदी स्पष्ट!

साहेबांनी चष्मा पुसला आणि घरी फोन लावला. "ईरम्मा, दिसला की गं तो थर!"

"मी कुटं न्हाय म्हनलं होतं? आता तुमी जेवा तरी!"

त्या फेरीत माझा लेप सुटला. मी पुन्हा वाजणार नाही. पण माझे आवाज आता नव्या जागी सुखरूप आहेत, म्हणून मी आनंदात आहे. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या पोटात काय आहे, ते एकदा विचारा. एवढंच माझं मागणं.

आता मी सोलापुरात, त्याच फळीवर आहे. परवा ईरम्माबाईंनी भाकरीचा डबा उचलला, माझ्यावर ठेवता ठेवता थांबल्या आणि शेजारी ठेवला.