उजव्या बुटाचा टाका

जोतीरामनं उजव्या बुटात मूठ घातली, शिवणीवर आतून अंगठा दाबला आणि हातातली आरी तशीच धरून ठेवली. टाका बुटाच्या आतल्या अंगाला उसवला होता. त्यानं वर बघितलं. पायरीवर अमरेश उभा होता आणि चप्पल लाईनीतल्या गर्दीकडे असा टक लावून बघत होता, जणू आयुष्यात कधी चपला पाहिल्या नव्हत्या.

कोल्हापुरातल्या निम्म्या फुटबॉलवाल्यांची पावलं जोतीरामला तोंडपाठ होती. चेहरे मात्र तो विसरायचा. गडी ज्या पायानं चेंडू मारतो तो बूट आतल्या अंगाला उसवतो, आणि ज्या पायावर उभा राहतो त्याचे स्टड बाहेरच्या बाजूनं झिजतात. जोडी हातात घेतली की हा गडी मैदानात कुठं खेळतो, ते जोतीराम न विचारता सांगे. अमरेश तर अख्ख्या गावाला माहीत होता. रणवीर मंडळानं त्याला गडहिंग्लजहून आणला तोच डाव्या पायासाठी. डाव्या पायाचा विंगर काय रोज मिळतो? तीन वर्षं त्याचा डावा बूट उसवत आला होता आणि जोतीराम तो शिवत आला होता.

आणि यंदा, ऐन फायनलच्या तोंडावर, उसवला होता उजवा.

जोतीरामनं डावा बूट उचलला. नाडीच्या बाजूला ब्लेडनं बोटभर चीर दिलेली होती, आतून चिंधी चिकटवलेली होती आणि मलमाचा वास येत होता. म्हणजे डावं पाऊल वरून सुजलं होतं. त्यावर उभं राहता येत असेल, पण त्यानं चेंडू मारायची सोय राहिली नव्हती. महिनाभर पठ्ठ्या गुपचूप उजव्या पायानं सराव करत होता.

"उजव्याचा टाका तेवढा घाला, मामा," अमरेश गर्दीकडे बघतच म्हणाला. "डाव्याला कायबी करू नगा."

"चीर उघडी ठेवलीस तर मैदानाच्या लाईनीवरनंसुद्धा दिसंल."

अमरेशचा चेहरा पांढरा पडला.

"पट्टी मारतो वरनं," जोतीराम म्हणाला. "त्याच रंगाची. बाकी ह्या दुकानातलं ह्या दुकानातच ऱ्हातंय. शनवारी ये."

जोतीरामनं त्या दिवशी हातातलं सगळं काम बाजूला सारलं आणि ती पट्टी बसवली. इतका बारीक टाका त्यानं स्वतःच्या लग्नातल्या पायताणालाही घातला नव्हता. पट्टी कुठं सुरू होते आणि बूट कुठं, ते त्याचं त्यालाच परत शोधावं लागलं. शुक्रवारी तो कातडं आणायला गेला, तेव्हा दुकानात बसलेल्या ज्ञानूनं नेहमीप्रमाणे साठलेल्या आठ-दहा जोड्यांना मेण चोळून ठेवलं. शनिवारी सकाळी अमरेश येऊन आपली जोडी घेऊन गेला.

ज्ञानू म्हणजे जोतीरामचा मुलगा आणि पेठेतल्या नागोबा तालमीच्या संघाचा गोलकीपर. उद्याची फायनल नागोबा आणि रणवीर यांच्यातच होती. गेल्या साली याच फायनलला अमरेशच्या डाव्या पायाची पेनल्टी ज्ञानूच्या डाव्या हाताला चाटून आत गेली होती आणि नागोबाचा हातातोंडाशी आलेला कप गेला होता. त्यानंतर सहा महिने ज्ञानू पेठेतल्या हॉटेलात चहाला गेला नाही. गेला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "ज्ञानबा, कपबशी तरी नीट धर."

दुपारी तालमीचे कारभारी गणपतराव दुकानात आले. बसले नाहीत.

"अमऱ्याची बुटं आलीवती म्हनं तुज्याकडं."

"आलीवती."

"काय झालंवतं?"

"टाका उसवलावता. घातला."

"कुठल्या पायाचा?"

"बुटाचा," जोतीराम म्हणाला.

गणपतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बघ, जोतीराम. अकरा वर्सं कप न्हाय पेठंत. गडी यंदा चेंडू हातचा राखून खेळायलाय, माज्या डोळ्यांस्नी दिसतंय. काय दुखणं असंल तर सांग. आमचा बंडा बॅकला हायच की. पैल्या धा मिंटांत एकदा पायावर पाय दिला की निकाल."

"बुटात पाय नव्हता, गणपतराव. नुस्तं बूट हुतं."

"तुजंच पोरगं गोलात उभं ऱ्हाणार हाय, इसरू नगंस. कबनूरचा एक गडी बगून ठेवलाय मी. उद्या ज्ञानूनं गोल खाल्ला तर परत हातमोजं घालायचं न्हाईत त्यानं."

ते गेल्यावर जोतीराम बराच वेळ एकाच टाचेवर हातोडी मारत बसला. ती टाच केव्हाच बसली होती.

बंडाचा पाय त्यानं पाहिला होता. बूटही शिवला होता. सुजलेल्या पावलावर तो एकदा पडला, तर गडहिंग्लजचं ते पोरगं पुन्हा चेंडूला शिवणार नाही. तेव्हा पेठेला सांगायचा प्रश्नच नव्हता. पण पोराला? नुसतं एवढंच की, पेनल्टी आलीच तर उजवा पाय बघ, चेंडू तुझ्या उजव्या अंगाला येणार. त्यात कुणाचं हाड मोडणार होतं?

संध्याकाळी जेवताना त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाकरीचा तुकडा घातला.

"घशात काय अडकलंय का?" त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, विचारलं.

"न्हाय."

एकाला सांगितलं की दुसऱ्याला सांगायला जीभ मोकळी होते, हे त्याला ठाऊक होतं. आणि उद्या ज्ञानूला कुणी विचारलं, तर त्या पोरानं कुणाशी खोटं बोलायचं? जोतीराम पाणी पिऊन उठला. ज्ञानूनंही अमरेशबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. पोर धास्तावलंय, असं बापाला वाटलं.

रविवारी शाहू स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. नागोबानं पूर्वार्धातच गोल केला आणि मग सगळी पेठ घड्याळाकडे बघत बसली. जोतीराम मात्र बंडाच्या पायाकडे बघत होता. बंडा अमरेशच्या अंगाला चिकटून होता, खांदे देत होता, शर्ट ओढत होता. पण त्याला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेला माणूस नेमका त्याच जागी पाय देत नाही.

खेळ संपायला दोन मिनिटं होती. बंडाच्या हाताला चेंडू लागला आणि रेफ्रीनं पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

हलगी थांबली. अमरेशनं चेंडू ठेवला. तो सरळ रेषेत मागं गेला, म्हणजे कुठल्या पायानं मारणार ते कळू नये. पण कुणाला कळायचं राहिलं होतं? "डाव्या हाताला बघ रं, ज्ञानू! डाव्या हाताला!" सगळी पेठ ओरडत होती. जोतीरामच्या जिभेवर सगळं आलं होतं. त्यानं टोपी काढून दातांत धरली.

अमरेश धावला. उजवा पाय फिरला. स्टेडियमला ते उमजायच्या आत ज्ञानू आपल्या उजव्या अंगाला सपाट झेपावला होता. चेंडू त्याच्या तळव्यावर फाडकन आदळला, खांबाला लागला आणि मैदानाबाहेर गेला.

पुढचं कुणालाच नीट आठवत नाही. शिट्टी झाली, माणसं तारेवरून आत पडली, गुलालानं आभाळ लाल झालं. अकरा वर्षांचा अनुशेष होता! म्हाताऱ्यांनी धोतरं खोचून फुगड्या घातल्या. गणपतरावांनी जोतीरामला उचललं आणि परत खाली ठेवायचं विसरले. ज्ञानू खांद्यांवरून खांद्यांवर जात होता आणि जो तो विचारत होता, "कळलं कसं रं तुला?"

"उडी मारली, घावला," ज्ञानू हसत सांगत होता.

जोतीरामचा ऊर आनंदानं फुटायला आला होता. दैव एवढं मेहरबान होतं आणि आपण उगाच टोपी चावली, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात ज्ञानू खांद्यावरून उतरला आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला निघाला. अमरेश तिथं एकटाच बसला होता आणि उजवा बूट बाजूला टाकून डावा काढायला धडपडत होता. पाऊल आत फुगून बसलं होतं. जोतीराम मागोमाग गेला. कातडं कापायची रापी खिशात असायचीच.

"थांब, मी चीर उघडतो," तो म्हणणार होता.

पण ज्ञानूनं गुडघा टेकला, डावा बूट मांडीवर घेतला आणि सरळ त्या जागेवर नख लावलं. चाचपलं नाही, शोधलं नाही. जी पट्टी घालणाऱ्यालाही सापडत नव्हती, तिचा दोरा त्यानं दोन बोटांत धरून उसवला. मलमाचा वास आला. बूट सुटला. ज्ञानूनं आपला टॉवेल त्या काळ्यानिळ्या पावलावर टाकला.

जोतीरामनं रापी परत खिशात टाकली.

"शुक्रवारी?" त्यानं विचारलं.

"मेण लावताना," ज्ञानू मान वर न करता म्हणाला. "उजव्याला नवा दोरा दिसला. मग डावा आतनं बगितला."

दोन रात्री आणि अख्खी मॅच पोरानं ते पोटात ठेवलं होतं. शेजारी बंडा, डोक्यावर गणपतराव, कबनूरचा गडी दारात. जोतीरामला कप आठवेना, गुलाल आठवेना. त्यानं फक्त पोराच्या केसांतून हात फिरवला, आणि त्याच्या बोटांना गुलाल लागला.

अमरेश दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "गडी लई भारी हाय, मामा, तुमचा," तो म्हणाला.

"अरं ज्ञानू!" गणपतराव हलगीवाल्यांसकट येऊन पोहोचले. "मिरवणूक अडलीय तुज्यापायी, आन् तू हितं वैऱ्याची बुटं घेऊन बसलायस? काय झालं त्यास्नी?"

"टाका उसवलाय," ज्ञानूनं जोडी काखेत मारली. "घालून देतो."

"कुठल्या पायाचा?"

"बुटाचा," ज्ञानू म्हणाला.

आणि जोतीराम इतक्या मोठ्यानं हसला की हलगीवाल्यानं ताल चुकवला.