मी पुसलेली मोकळी जागा

मित्रांनो, मी एक मॅक्रो आहे. मला हातपाय नाहीत. संगणकाला एकदा शिकवून ठेवलेल्या कामांची माळ, एवढंच माझं शरीर. दोन कळा एकदम दाबल्या की मी जागा होतो आणि ती कामं एकामागून एक उरकतो.

माझा जन्म अंबडला, कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात झाला. दुकान सत्यशीलाताईंचं. लोक मोबाइलवरून मजकूर पाठवत, तो फार विस्कटलेला असे. शब्दांमध्ये दुहेरी जागा, स्वल्पविरामाआधी फट, मध्येच रिकाम्या ओळी. हातानं नीट करता करता ताई थकून जात. शेवटी एका दुपारी त्यांनी ही सगळी दुरुस्ती मला शिकवली. अर्जात बोलीतले शब्द चालत नाहीत, म्हणून 'न्हाई' दिसलं की 'नाही' करायचं, हेही शिकवलं.

वकील म्हणत, "ताई, तुमचं काम एकदम साफ असतं."

"माझा मॅक्रो करतो हो," ताई हसून सांगत. मी फुगून जात असे. पानावर जे रिकामं दिसेल ते सगळं कचराच, असं मला वाटू लागलं.

यंदा बुद्धपौर्णिमेआधी प्रिया नावाची कॉलेजातली मुलगी आली. तिची आजी चांगुणाबाई गाणी रचते. प्रियानं ती मोबाइलमध्ये रेकॉर्ड केली होती आणि ऐकून ऐकून टाइप केली होती. विहारात वाटायला त्यांची पुस्तिका हवी होती. दुकानात गर्दी होती. ताईंनी फाइल उघडली, कळा दाबल्या, मी धावलो. कुणीही न वाचता छपाई झाली.

पौर्णिमा झाली आणि प्रिया आजीलाच घेऊन दुकानात आली. चांगुणाबाई खुर्चीवर टेकल्या. "बाई, नंदाचं गाणं वाच बरं."

बेबीनंदा ही त्यांची मुलगी. शाळेत असतानाच तापानं गेलेली. ताईंनी पुस्तिका उघडली आणि अर्ज वाचावा तसं एका दमात वाचलं, "नंदा माझी गं साळंला जाई, तिच्या पाटीला डाग नाही, पाटी तशीच भिंतीला राही, पुसणारी पोर घरात नाही."

"विहारात बी असंच वाचलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी 'न्हाई' म्हन्ते, त्याचं 'नाही' झालं. जाऊ द्या. पन डाग न्हाई म्हनलं की मी थांबते. तिथं माझी पोर जाती. ते थांबनं कुठं गेलं?"

"ताई, मी तिथं मोकळी जागा सोडली होती," प्रिया हळूच म्हणाली.

"ते मॅक्रोनं..." ताई बोलता बोलता अडखळल्या. त्यांचा चेहरा उतरला. "न्हाई आजी. मीच बघितलं न्हाई. लई लाज वाटून राह्यली मला."

मित्रांनो, ती जागा मीच पुसली होती. मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं. ताईंनी सगळा दोष स्वतःकडे घेतला, तेव्हा तर मला आणखी ओशाळल्यासारखं झालं.

मूळ फाइल राहिली नव्हती, प्रियानं आणलेल्या पेनड्राइव्हवरही मी बदललेलीच जतन झाली होती. ताई म्हणाल्या, "मंग परत ऐकू. मी हातानं लिहिते, परत छापून देते." मला त्यांनी हाकच मारली नाही. प्रियानं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि आवाज थांबला. नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती. ताईंनी एक ओळ मोकळी सोडली.

"एवढी बस का, आजी?"

"अजून." चांगुणाबाईंनी डोळे मिटले होते.

ताई ओळी सोडत गेल्या. बऱ्याच वेळानं आजींनी हात वर केला. "हां. आता लिव."

नवीन पुस्तिका विहारात वाटल्या गेल्या. जुन्या मात्र ज्यांच्या घरी गेल्या, तिथं अजून आहेत. त्या आठवल्या की मी खजील होतो. आता माझं काम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक प्रश्न येतो, 'रिकाम्या ओळी काढू का?' ताईंनीच तो घातला.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या हाताशी असेल तर त्याला कामाला लावण्याआधी मजकूर एकदा वाचत जा. ओळ रिकामी आहे एवढंच मला दिसतं. तिथं कुणी का थांबलं, ते मला अजूनही कळत नाही.