चादरीवर असेल तेच डोंगरावर

मी एक चादर आहे. निळी-पांढरी, मोठमोठ्या चौकटींची, एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग असलेली. जन्मात मी एकही डोंगर चढलेले नाही. पण या घरातून डोंगरावर निघालेली प्रत्येक वस्तू आधी माझ्या अंगावरून गेली आहे. त्यामुळे डोंगराबद्दल चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे, असं मी आपलं समजते.

मागावर विणली जात होते तेव्हा माझी स्वप्नं साधी होती. मऊ गादी, दोन उशा, गाढ झोपलेलं कुणीतरी. या घरच्या सूनबाईंनी मला दुकानातून आणलं आणि काही वर्षं ते सुख मिळालंही. मग त्यांचे नवरोजी एकदा फोनवर गप्पा मारता मारता माझ्यावर इस्त्री विसरले. मी पलंगावरून उतरले ती कायमचीच. आता फाडून फडकी करणार म्हणून मी धसकाच घेतला होता.

पण सूनबाईंनी मला नवी नोकरी दिली. त्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहेत. तिथे म्हणे शस्त्रक्रियेआधी प्रत्येक कात्री, कापसाचा प्रत्येक बोळा मोजून मांडतात आणि नंतर पुन्हा मोजतात. तीच खोड घरी. डोंगरावर जायच्या आदल्या संध्याकाळी मला हॉलमध्ये अंथरायचं आणि एकेका चौकोनात एकेक वस्तू मांडायची. चादरीवर असेल ते डोंगरावर जाईल, नसेल ते घरी राहील. आणि परतल्यावर सगळं पुन्हा माझ्यावर. गेलेलं परत आलंच पाहिजे.

त्या शनिवारीही मांडामांड चालली होती. डोंगर कोरडा ठणठणीत. वाटेत ना ओढा, ना झाड, नुसते सुटे दगड. वाट गोल होती. एका सोंडेने चढायचं, खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या सोंडेने उतरून पुन्हा गाडीपाशी यायचं.

"पायथ्याच्या पाटीवर वाट 'मध्यम' लिहिलीय गं. उगाच बाऊ करतेस," नवरोजी म्हणाले.

"मध्यम कुणासाठी, ते लिहिलंय का? पाणी वाढव. आणि तो स्पीकर उचल आधी. तेवढ्या वजनात एक बाटली येते."

नवरोजींनी तोंड पाडून स्पीकर उचलला. पाण्याच्या बाटल्या, उकडलेली अंडी, खजूर, संत्री, क्रेप बँडेज, शिटी, टोप्या असं सगळं ओळीने लागलं.

खुर्चीत पेपर धरून बाबा बसले होते. सूनबाईंचे सासरे. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली, निवृत्त झाल्यावर मुलासुनेबरोबर डोंगर पालथे घातले. गेल्या हिवाळ्यात मात्र न्यूमोनियाने त्यांना आडवं केलं. तेव्हापासून घरात एकच पालुपद, "बाबा, तुम्ही बसा." जन्मभर बसूनच काम केलं, आता तरी उठू द्या, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असे.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मला वाळत घालतात गच्चीवर. पेपर आणायला जातो म्हणून निघालेले बाबा रोज खाली उतरायचे आणि पेपर काखोटीला मारून थेट गच्चीपर्यंत चढून यायचे. सुरुवातीला कठड्याला धरून धापा टाकायचे. हल्ली शीळ घालत यायचे. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय, सांगणार कुणाला?

त्या संध्याकाळी त्यांनी पेपर बाजूला ठेवला, आतून आपले बूट आणि टोपी आणून माझ्यावर ठेवली, आणि माझ्यावरच्या रिकाम्या चौकोनांत मांडी घालून बसले.

"बाबा, हे काय?"

"चादरीवर असेल ते येतं ना? मी चादरीवर आहे."

नवरोजींना हसू फुटलं. सूनबाई हसल्या नाहीत. "चला गच्चीवर, बघू किती दम लागतो," म्हणाल्या. दोघं वर गेले. खाली आले तेव्हा सूनबाईंची बोटं बाबांच्या नाडीवर होती आणि चेहरा निवळला होता.

बेत बदलला. पहाटेच निघायचं. उभी सोंड गारव्यात चढायची, उतरायला सोपी बाजू. पाणी आणखी वाढवलं. "आणि खिंडीत मी परत फिरा म्हटलं, तर हुज्जत घालायची नाही."

"मान्य," बाबा म्हणाले आणि पुन्हा आपल्या चौकोनांत जाऊन बसले. जागा गेली तर काय घ्या! सूनबाईंनी बोटाने शेवटची मोजदाद केली. बाटल्या, अंडी, शिटी, बूट, बाबा. सगळं बरोबर.

पहाटे दार बंद झालं आणि मग माझ्या लक्षात आलं. माझ्या चुणीत बाबांची टोपी दबून राहिली होती. बाबा तिच्यावरच बसले होते ना! सूनबाईंनी बाबा मोजले, बाबांखालची टोपी राहिली.

दिवसभर ऊन खिडकीतून माझ्यावर सरकत राहिलं. इथे एवढं तापतंय, मग तिथे? जिथे सावलीला झुडूप नाही तिथे हा आजारातून उठलेला माणूस उघड्या डोक्याने चालणार! आवाज असता तर मी बोंब मारली असती. जीव नुसता टांगणीला लागला होता.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कुलूप वाजलं. आधी सूनबाई, मग नवरोजी, आणि मागून बाबा. डोक्याला नवरोजींचा पंचा, त्यावरून सूनबाईंची ओढणी. आरशासमोर थांबून म्हणतात कसे, "टोपीपेक्षा हेच शोभतं मला."

सूनबाईंनी एकेक वस्तू माझ्यावर मांडली. टोपी दिसताच कपाळावर हात मारून घेतला. "चुकलंच माझं, बाबा."

"अगं, खिंडीत परत फिरा म्हणाली नाहीस ना, तिथेच सगळं भरून पावलं," असं म्हणत बाबा लाल धुळीने माखलेले तसेच आपल्या चौकोनांत बसले. सूनबाई मोजत गेल्या. शेवटी त्यांचं बोट बाबांवर येऊन थांबलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

"हजर!" बाबाच म्हणाले.

आता मी कपाटात आहे. अंगावर त्या दोन चौकोनांत लाल धुळीची बैठक उमटली आहे. एरवी डाग म्हटला की सूनबाईंना चैन पडत नाही, पण त्या दिवशी त्यांनी माझी घडी घातली ती अलगद, न झटकता. माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या खेपेपर्यंत मला कुणी धुवायला टाकू नका. बाबांची जागा आहे ती.