म्हातारीसकट फ्लॅट

राहती चाळ पाडायला काढली आणि नवी खोली शोधता शोधता चष्मेवाल्याच्या चपला झिजल्या. भाडी आभाळाला भिडलेली. शेवटी दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एका बिल्डरच्या माणसानेच तोड काढली.

"आमच्या नव्या इमारतीत नमुन्याचा फ्लॅट आहे. रिकामं घर बघून गिऱ्हाईक बिचकतं. तुम्ही राहा, फुकट. फक्त सुखी दिसायचं."

"आई आहे सोबत," चष्मेवाला चाचरत म्हणाला.

"हसतात ना त्या?"

"प्रसंग बघून."

चष्मेवाला, बायको आणि आई, तिघांनी बिऱ्हाड हलवलं. तळण करायचं नाही, ओले कपडे दिसता कामा नयेत. घंटी वाजली की बायकोने फुलदाणीशी उभं राहायचं, त्याने पुस्तक उघडून बसायचं. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं मेणाची. पहिल्याच सकाळी आईची कवळी सफरचंदात रुतून बसली.

"सुखी दिसायचं म्हणजे उपाशी मरायचं की काय मेलं!"

पहिलं गिऱ्हाईक आलं. एक जोडपं होतं. बिल्डरचा माणूस उजेडाचं कौतुक करत होता, तेवढ्यात आई म्हणाली, "त्या भिंतीला कपाट लावू नका हो, ओल धरते. आणि नळ पहाटे कण्हतो."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता गाशा गुंडाळायचा! पण ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"इतकं खरं आम्हाला कुठेच कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि वरच्या मजल्यावरचं घर घेऊन गेल्या.

मग काय, "आधी आजींना भेटा" हीच जाहिरात झाली. चष्मेवाल्याच्या पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही बघेना. इमारत भराभर विकली गेली. उरला तो नमुन्याचाच फ्लॅट. तो एका वकीलबाईंनी पसंत केला. घरात जुळी मुलं, नवराबायको दोघंही दिवसभर बाहेर.

"घेते. पण आजींसकट."

"फर्निचरमध्ये धरू," बिल्डरचा माणूस म्हणाला.

चष्मेवाला भडकला. "आई म्हणजे काय सोफा आहे?"

"थांब रे," आई म्हणाली. "मला खोली कुठली?"

"खिडकीची," वकीलबाई म्हणाल्या.

"आणि ही दोघं?"

वकीलबाई खाली बघू लागल्या.

"चल आई, दुकानाच्या माळ्यावर राहू," चष्मेवाला म्हणाला.

"शिडी चढायला गुडघे कुणाचे आणू?" आईने पदर सारखा केला. "माझी एकीची तरी सोय होतेय. तुम्ही तरुण आहात, होईल काहीतरी."

तो सुटकेसेस उचलून निघाला तेव्हा त्याला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. त्या हलकेपणाची त्याला लाज वाटली.

आता दर रविवारी दोघं पाहुण्यासारखी जातात. वकीलबाई अगत्याने चहा देतात, जुळी आजीच्या मांडीवरून हलत नाहीत. निघताना आई हळूच डबा हातात ठेवते.

माळ्यावर ताठ बसता येत नाही. दोघं ओणवी होऊन जेवतात.

"हल्ली मीठ कमी असतं," परवा बायको म्हणाली.

"त्या मुलांना तसंच लागतं," चष्मेवाला म्हणाला आणि पुढचा घास घेतला.