राण्यांच्या थैलीतला निम्मा रुपया

मित्रांनो, मी एक जुना रुपया आहे. लोक मला चांदीचा म्हणतात, पण माझ्यात चांदी निम्मीच आहे. बाकी तांबे आणि कसले कसले धातू. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज व्हायला नको.

महायुद्ध चालू असताना मुंबईच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. त्या दिवसांत चांदीची चणचण होती, म्हणून आमच्यात भेसळ करून आम्हांला पाडले गेले. एका अंगावर राजाचा मुखडा. कडेला बारीक दाते आणि दात्यांच्या मधून फिरणारी एक खाच. नवा होतो तेव्हा मी असा चकाकत असे, की बाजारात कुणी मला हातात घेतले तर खिशात टाकण्याआधी एकदा उलटून पाहत असे. ते माझे सुखाचे दिवस.

फिरत फिरत मी खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याकडे आलो. ज्वारी विकून त्याने मला आणले आणि बायकोच्या हातावर ठेवले. तिचे नाव लंकाबाई. तिने उतरंडीतल्या खालच्या मडक्यातून एक कापडी थैली काढली आणि मला आत सोडले. तिथेच माझे सुख संपले.

त्या थैलीत राणीछाप रुपये होते. चाळीसेक असतील. लंकाबाईच्या आईकडून आलेले, जवळपास शुद्ध चांदीचे, माझ्यापेक्षा कितीतरी म्हातारे. पण त्यांचा तोरा काय सांगू! दगडावर टाकले की खणखणीत वाजत. मी वाजलो की नुसता ‘बद्द’ आवाज. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी लंकाबाई राण्यांना चिंचेने घासून, दुधाने धुऊन पाटावर मांडी. मी आणि माझ्यासारखे डझनभर युद्धातले रुपये थैलीतच राहत असू. एकदा मी चुकून पाटावर गेलो, तर ती म्हणाली, “ह्यो कशाला आला हितं?” आणि मला उचलून मागे टाकले. ते मी कधी विसरलो नाही.

मित्रांनो, हेवा ही काय चीज आहे ते मला त्या मडक्यात कळले. राण्या मला काही बोलत नव्हत्या, टोचत नव्हत्या. त्या नुसत्या असत आणि मला ते सहन होत नसे. त्या काळ्या पडाव्यात असे मला वाटे. पडत, पण घासल्या की पुन्हा पांढऱ्याशुभ्र. मला घासले की मी पिवळट दिसे.

पुढे लंकाबाईने ती थैली आपल्या मुलीला, छबूबाईला दिली. छबूबाईचे सासर तिथून जवळच होते. तिच्या नवऱ्याचे नाव सहादेव. जमीन कोरडवाहू, म्हणून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हे दोघे बैलगाडी घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जात. बैलजोडीवर त्यांचा सगळा हंगाम अवलंबून असे.

१९७१ साली पाऊस सरता सरता त्यांचा एक बैल घटसर्पाने गेला. टोळीचा मुकादम घरी येऊन म्हणाला, “जोडी असंल तर गाडी लावतो सहादेव. न्हाईतर तुमी नवराबायको डोक्यावर मोळ्या व्हा. बघा.” डोक्यावर मोळ्या वाहायच्या म्हणजे दिवसभर उसाच्या शेंड्यांच्या वाढ्यांनी कापलेली मान आणि निम्मीच कमाई. छबूबाईला तर मागच्या बाळंतपणापासून कमरेची कळ होती.

खर्ड्याच्या बाजारात गोरक्षनाथ नावाच्या माणसाकडे एक खोंड होता. सहादेवच्या उरलेल्या बैलाशी उंचीला अगदी जुळणारा. घरात होते नव्हते ते सगळे गोळा केले, तरी अडीचशे कमी पडत होते. छबूबाईने एक रात्र काही खाल्ले नाही. सकाळी तिने आपल्या उतरंडीतले थैलीचे मडके खाली घेतले.

बाजारात सहादेवने खोंडाचे दावे हातात धरले. गोरक्षनाथ म्हणाला, “सांजपतुर थांबतो. त्या पल्याडच्या गिऱ्हाइकानं तीनदा विचारलंय, हे ध्यानात ठेवा.” छबूबाई थैली पदराखाली धरून पहिल्या सराफाच्या पायरीवर चढली.

सराफाने थैली गादीवर ओतली. मी सगळ्यांत वर पडलो. त्याने मला उचलले, कसोटीच्या दगडावर घासले, वर कसला तरी थेंब टाकला आणि तोंड वाकडे केले.

“मावशी, ही चांदी निम्मीच हाय. सगळ्या ढिगाचे नगाला तीन रुपये देतो.”

“सगळ्याचे?”

“एका थैलीतलं म्हणजे एकच की.”

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले सांगू? मला आनंद झाला. त्या राण्या, दुधाने धुतलेल्या, पाटावर बसणाऱ्या, आज माझ्याच भावाला! मी त्यांना खाली ओढले होते. सत्तावीस वर्षांत इतके बरे मला कधी वाटले नव्हते.

छबूबाई मात्र माझ्याकडे नाही, सराफाच्या हाताकडे बघत होती. “शेटजी, तुमी ह्यो एकच घासला. दुसरा घासा की.”

“एकाची तऱ्हा तीच सगळ्यांची.”

“तरी घासा.”

“घासायला मला दुसरा धंदा न्हाई का? पटत असंल तर द्या. न्हाईतर उचला.”

तिने उचलले. दुसऱ्या दुकानात गेली, तर तिथला सराफ थैली न उघडताच म्हणाला, “पलीकडं तीननं मागितले न्हवं? मी पावणेतीन देईन.” बोलणे तिच्या आधी पोचले होते.

ती बाहेर येऊन लिंबाखाली बसली. दीडशेच्या आसपास पैसे येत होते आणि बैल हातचा जात होता. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि थैलीत मी अजून खूश होतो. मग माझ्या मनात एक गोष्ट आली आणि माझी खुशी तिथेच विरली. राण्यांचा भाव निम्म्याने उतरून तीनवर आला, पण माझा? माझा तर तीनच होता. त्या उतरल्या म्हणून मी पैशानेही चढलो नव्हतो. मग मी एवढा नाचत कशाला होतो?

छबूबाईने डोळे पुसले, पदर पसरला आणि आम्हांला त्यावर ओतले. सराफाने दुसरा रुपया का घासला नाही, हे तिला सतावत होते. ती एकेक रुपया हातात घेऊन बघू लागली. बोटाने मुखडा चाचपी, नखाने कडा. माझ्या कडेवरच्या खाचेत तिचे नख अडकले. राणीच्या कडेवरून ते सरळ गेले. तिने पुन्हा करून पाहिले. मग दगडावर एकेक रुपया वाजवला आणि तिचा चेहरा बदलला. राण्या थैलीत गेल्या. आम्हां डझनभरांना तिने पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचले.

तिसऱ्या दुकानात तिने थैली बाहेरच काढली नाही. ती म्हणाली, “शेटजी, लेकीला जोडवी करायची. चांदी काय भावानं हाय?”

“सात रुपये तोळा. चोख माल.”

“अन् रुपया किती तोळ्याचा असतो वो?”

“राणीछाप? तोळ्याचा. सगळ्या गावाला ठावं हाय.”

तेव्हा तिने थैली गादीवर ठेवली. “मंग हे घ्या. तुमची घट-मजुरी धरून सहानं घ्या. कुटलाबी घासा. पाच घासा, धा घासा.”

सराफाने थैली हातात तोलून पाहिली. मग हसला. “मावशी, जोडव्याचं आधी सांगितलंत, रुपयाचं मागनं!”

“पैल्या दुकानात उलटं केलं हुतं. पस्तावले.”

त्याने खरेच सहा-सात राण्या घासल्या. गाठीतून मी ऐकत होतो. प्रत्येक वेळी तो ‘हां’ म्हणे आणि प्रत्येक ‘हां’ मला झोंबे. त्याने साडेपाच म्हणून पाहिले. ती पायरीकडे वळली. मग सहावर ठरले. तेव्हा तिने पदराची गाठ सोडली.

“ह्ये निम्म्या चांदीचं हायेत. निम्म्याचंच द्या. खोटं बोलत न्हाई.”

पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्या भावाने विकायला काढले. राण्यांच्या आड लपवून नाही आणि त्यांच्या गळ्यात बांधूनही नाही. अडीचशे भरून वर पेंडीपुरते उरले. शेवटी सराफाने हात पुढे केला तेव्हा तिने मला मुठीत मिटून घेतले. “ह्यो एक राहू द्या. लेकीला दावीन, म्हंजी तिला कुनी फसवणार न्हाई.”

ती जवळजवळ पळतच बैलबाजारात आली. ते दुसरे गिऱ्हाईक खोंडाचे दात बघत उभे होते. सहादेवने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि न विचारताच दावे हाताला गुंडाळले.

आता त्या मडक्यात मी एकटा आहे. राण्या मुशीत वितळल्या असतील. हेवा करायला कुणी उरले नाही, असे तुम्हांला वाटेल. पण त्या तर बैल होऊन घरी आल्या! सहादेव त्याच्या शिंगांना लाल हिंगूळ लावतो, छबूबाई भाकरीचा पहिला तुकडा त्याला देते आणि लेक केशर त्याच्या गळ्याला मिठी मारते. मला असे कुणी कधी कुरवाळले नाही. गाडी कारखान्याकडे निघाली तेव्हा छबूबाई मोळी नाही, मूल घेऊन गाडीत बसली होती. मीही तिच्या कनवटीला होतो. पुढे चालणाऱ्या त्या बैलाच्या घुंगरांनी वाटभर माझा जीव जाळला.

मित्रांनो, घरातली जुनी नाणी विकायची वेळ आली तर एवढे करा. सगळी एका ढिगात ओतू नका. आधी भाव विचारा, चांदी नंतर काढा. एक दुकान नाही म्हणाले तर दुसरी पायरी चढा आणि ज्याची जेवढी किंमत तेवढी त्याला मिळू द्या, चांगल्यालाही आणि माझ्यासारख्यालाही.

आणि थैलीत उरलेल्या एखाद्या पिवळट रुपयाला सणाच्या दिवशी थोडी चिंच लावा. त्याला बरे वाटेल.