दुभाषीच्या कानांवर

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या डाव्या कानाची गादी फाटली आहे आणि तोंडापुढच्या माइकला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. मित्रांनो, तुम्ही गाणी ऐकता त्यातला मी नव्हे. उभ्या आयुष्यात मी दोनच गाणी ऐकली, तीही धड्यात होती म्हणून. बाकी सगळे परक्या भाषेतले बोलणे. माझी गोष्ट रंगवून सांगता येईल असे मला वाटत नाही. सात वर्षे जिच्या कानांवर बसलो तिच्याप्रमाणे मीही आता सपाट बोलतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही चाळीस भावंडे एकाच खोक्यात होतो. आम्हाला विद्यापीठाच्या भाषा प्रयोगशाळेत नेले. तिथे लाकडी आडोसे घालून बसायच्या चाळीस जागा केल्या होत्या. माझी जागा चौदावी, खिडकीजवळची. मुले मला कानांवर चढवायची आणि जे स्टेशन कधी पाहिले नाही तिथे जायचा रस्ता मोठ्याने विचारायची. एकाने माझ्यावर च्युइंगगम चिकटवले, ते अजून पुरते निघालेले नाही.

तिथल्या सरांची एक सवय होती. दर वर्षी पहिल्या दिवशी ते फळ्यावर लिहीत की परकी भाषा शिकून पुढे काय काय होता येते. शिक्षक, भाषांतरकार, दुभाषी, पर्यटकांचे मार्गदर्शक, वकिलातीत किंवा विमान कंपनीत नोकरी. फळा भरला की हात झटकून म्हणत, "आता घरी जाऊन मामाला दाखवा."

कारण प्रत्येकाच्या घरी एक मामा असतोच. चौदाव्या जागेवर बसणाऱ्या मुलीचा तर फारच हजरजबाबी होता. तो तिला म्हणायचा, "अगं, त्या लोकांना त्यांची भाषा येतेच की! तू शिकून त्यांना नवीन काय सांगणार?" हे ती मैत्रिणीला सांगून हसायची आणि हसता हसता पेन्सिल चावायची. तिचे उच्चार इतके चांगले होते की सर तिची ध्वनिफीत दुसऱ्या वर्गांना ऐकवत. तिचा आवाज सर्वांत आधी माझ्या माइकमधून जायचा, म्हणून त्या कौतुकात थोडा वाटा माझाही आहे असे मी मानायचो.

पुढे प्रयोगशाळा बंद झाली. माझी भावंडे भंगारात निघाली. चौदाव्या जागेवरची ती मुलगी सरांना भेटायला आली होती, तेव्हा सरांनी मला तिच्या हातात दिले. "घेऊन जा. हा अजून धड आहे," ते म्हणाले. माझ्याबद्दल कोणी काढलेले शेवटचे चांगले उद्गार हेच.

मग फळ्यावरची एकेक गोष्ट तिने करून पाहिली. परदेशी पाहुण्यांना जुन्या इमारती दाखवल्या, तेव्हा मी नुसता पिशवीत असायचो. एका कारखान्यासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्या. अकरा महिने फक्त नट, बोल्ट आणि 'हात आत घालू नये'. नंतर चित्रपटांखालचे संवाद लिहिले. ते काम तिला मनापासून आवडायचे, पण तेवढ्यात भाषांतर करणारी यंत्रे आली. कानामागून आली आणि तिखट झाली. एकामागून एक काम देणारे फोन करेनासे झाले. मामा म्हणाला, "मी सांगत होतो." आई म्हणाली, "तू गप रे." आई घरी कपडे शिवायची, आणि तिच्या शिलाईयंत्रावरच घर चालले होते.

शेवटी तिला रुग्णालयांसाठी फोनवरून दुभाष्याचे काम मिळाले. डॉक्टर एका भाषेत बोलणार, रुग्ण दुसऱ्या, आणि मधे ती. घरीच, खोलीच्या कोपऱ्यात टेबल मांडून. काम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. "ते 'मी' म्हणाले की तुम्हीही 'मी' म्हणायचं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. स्वतःचं काही बोलायचं नाही. ऐकलेलं घरी सांगायचं नाही. तीन महिने आम्ही सगळं ध्वनिमुद्रण ऐकणार. स्वतःचा एक शब्द जरी निघाला तरी राम राम."

तिला ही नोकरी टिकवायची होती. दुसरी उरलीच नव्हती. फोन सुरू होऊन टेबलावरचा लाल दिवा लागला की आई शिलाईयंत्र थांबवायची आणि दिवा विझेपर्यंत काज-बटणांचे काम हाताने करत बसायची.

पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक फोननंतर रडली. माझ्या गाद्या ओल्या व्हायच्या. मग रडणे थांबले. एकदा डॉक्टरांच्या वतीने तिने एका बाईला सांगितले, "मी तुमच्या बाळाला वाचवू शकलो नाही." पलीकडे ती बाई ओरडली. त्या ओरडण्याचे भाषांतर करायचे नव्हते, म्हणून ही थांबून राहिली. फोन संपल्यावर तिने बिस्किट खाल्ले आणि पुढचा फोन घेतला. मला वाटले, चला, हिला जमू लागले. आता त्या वाटण्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या महिन्यात फोनवर एक आचारी आला. म्हातारा माणूस, जहाजावर स्वयंपाक करायचा. पोटाच्या दुखण्याने बंदरावर उतरवला आणि जहाज पुढे निघून गेले. त्याला ठेवले त्या रुग्णालयात त्याची भाषा कोणालाच येत नव्हती, आणि दुभाष्यांत ती भाषा येणारी ही एकटी. रोज अकराला डॉक्टर त्याच्या खाटेपाशी येत, फोन उशीवर ठेवत आणि आमच्या टेबलावर दिवा लागे. दिवसभरात त्याला समजणारा आवाज तेवढाच.

चौथ्या दिवशी त्याने विचारले, "या बाई कोण आहेत? माझ्या गावच्या का?"

तिने नियमाप्रमाणे ते डॉक्टरांना सांगितले.

"दुभाषी आहेत," डॉक्टर म्हणाले. "पोटाचं सांगा. काल रात्री दुखलं?"

तिने तेही त्याला सांगितले. त्याने पोटाचे सांगितले, आणि पुढे म्हणाला, "बाई छान बोलतात." तेही तिने डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. डॉक्टर हसले. तिला एकच वाक्य बोलायचे होते: मी इथली, तुमची भाषा विद्यापीठात शिकले. तिचा श्वास माइकवर आला, तो मला कळला. पण ध्वनिमुद्रण चालू होते. ती बोलली नाही.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी डॉक्टरांचा आवाज हळू झाला आणि तिचा, जरा बसलेला असला तरी, नेहमीसारखा सपाटच राहिला. ती म्हणाली, "शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. आता मी फक्त तुमचं दुखणं कमी करू शकतो."

म्हाताऱ्याने ते ऐकून घेतले. मग त्याने विचारले, "तुमचा आवाज बसलाय. जेवलात का?"

विचारले होते तिला. मला कळले, तिलाही कळले. सकाळपासून तिने काही खाल्ले नव्हते. तरी तिने ते जसेच्या तसे डॉक्टरांना सांगितले: "तुमचा आवाज बसलाय. जेवलात का?"

डॉक्टरांचाही घसा खरेच बसला होता. "हो, जेवण झालं माझं," ते म्हणाले. "विचारल्याबद्दल आभार."

तिने ते म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत सांगितले. हो, जेवण झालं माझं. विचारल्याबद्दल आभार.

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात एवढे समाधान मी कधी ऐकले नव्हते. इतक्या दिवसांनी बाई आपल्याशी बोलल्या असे त्याला वाटले. मित्रांनो, त्या बोलण्यात तिचा एकही शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दिवा लागला नाही. साडेअकराला परिचारिकेने फोन करून सांगितले, "त्या खाटेसाठी आता दुभाषी नको." "ठीक आहे," ती म्हणाली. पुढचा फोन एका मोडलेल्या मनगटाचा होता.

तीन महिने संपले आणि पत्र आले. नोकरी कायम झाली होती. पत्रात खास कौतुक केले होते की तीन महिन्यांच्या ध्वनिमुद्रणात स्वतःचा एकही शब्द नाही. मामाने ते पत्र मोठ्याने वाचले, दोनदा. "वा! बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात," तो म्हणाला, "आमच्या भाचीची न बोलता विकली गेली!" आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "आनंद झाला ना गं तुला?"

ती टेबलाशी बसली होती, मला कानांवर घालून. दिवा बंद होता. तिने आईचा प्रश्न परक्या भाषेत करून माइकमध्ये सांगितला. सपाट, नीट उच्चारांत, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. आणि उत्तराची वाट पाहत बसली.

मामा हसला. त्याला ती थट्टा वाटली. आई हसली नाही. तिने दोन्ही हातांनी मला लेकीच्या कानांवरून उतरवले, खिडकीच्या खिळ्याला टांगले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"मी तुला विचारलं," आई म्हणाली. "तुला."

खूप वेळाने तिचे ओठ हलले.

"तो आचारी गेला, आई."

"कोण आचारी?" आई म्हणाली. "सांग मला."

आणि ऐकलेले घरी सांगायचे नाही हा नियम तिने नोकरी कायम झाली त्याच दिवशी मोडला. मी कोणाला सांगणार नाही. मामाही सांगायचा नाही. तो पत्राची घडी घालत होता आणि ती त्याला नीट जमत नव्हती.

मित्रांनो, परक्या भाषा जरूर शिका. सरांनी फळ्यावर लिहिले ते सगळे खरे आहे, आणि त्या म्हाताऱ्याला त्याची भाषा बोलणारे कोणी मिळाले नसते तर फार वाईट झाले असते. माझी फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरात दिवसभर दुसऱ्यांचे बोलणे पोहोचवणारे कोणी असेल, तर संध्याकाळी त्यांच्या कानांवरचे माझ्यासारखे जे काही असेल ते स्वतःच्या हाताने उतरवा. मग विचारा, आणि घाई करू नका. त्या दिवशी ती बोलत राहिली, आणि घरात अंधार झाला तरी दिवा लावायला आई उठली नाही.