पुढची मागे, मागची पुढे

माईचा उजवा पाय थरथरतो, असा शोध तिच्या चिरंजीवांनी गाडीचे टायर बघून लावला.

शोध लागला तेव्हा ते इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. हातात टायरच्या खाचांची खोली मोजायची छोटी पट्टी होती आणि चेहऱ्यावर वाईट बातमी हळूच सांगणाऱ्या डॉक्टरचा भाव.

"माई, पुढचे टायर ठीक आहेत. मागचे दोन पार गुळगुळीत झालेत. या विजेच्या गाडीची मोटर मागच्या चाकांना फिरवते. गाडी जड, त्यात मोटर सगळा जोर एकदम देते. पाय जरा जास्त पडला की सगळा मार मागच्या टायरना."

"मग?"

"मग काही नाही. वय होतं माणसाचं. पायाला अंदाज राहत नाही. थोडी थरथर..."

"माझा पाय थरथरत नाही."

"तुला नाही कळणार ते," चिरंजीव इतक्या मायेने म्हणाले, की माईला तीच पट्टी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

चिरंजीव लिफ्ट तपासणारे अभियंता. लिफ्ट कधी सुटली आणि कधी थांबली हे आतल्या माणसाला कळता कामा नये, ही त्यांची कसोटी. आणि ती ते घरीही लावत. खुर्ची ओढल्याचा आवाज त्यांना खपत नसे. त्यांनी चारही टायर नवे बसवले आणि निकाल दिला. वर्षभराने पुन्हा तपासणी. तेव्हाही मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले निघाले, तर माईची किल्ली त्यांच्याकडे. घरात गाडी एकच, किल्ल्या तिघांच्या तीन. "तुला पोहायला मी सोडत जाईन," ते म्हणाले. त्यांना वाटलं, आपण आईची सोय बघतोय.

आता खरं काय ते सांगायला हवं. माईने उभी नोकरी एका प्रयोगशाळेत तापमापक तपासण्यात घालवली होती. पाऱ्याची रेघ कुठे आहे हे बघताना श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, अशी ती जागा. तिचा हात थरथरत नव्हता, पाय तर नाहीच. तो पाय ती मुद्दाम दाबत होती.

याला कारण होतं. आधीची गाडी तिने वर्षानुवर्षं चालवली, पण ती गाडी चढावर खोकायची, गिअर बदलताना कुरकुरायची, आणि सिग्नल सुटल्यावर "निघू ना नक्की?" असं विचारल्यासारखी निघायची. मग ही आली. पहिल्याच दिवशी पोहून परतताना सिग्नल हिरवा झाला, माईने पाय जरा ठाम ठेवला, आणि कोणीतरी पाठीला दोन्ही हात लावून तिला पुढे ढकललं. आवाज नाही, धूर नाही, कुरकुर नाही. पोटात गुदगुल्या झाल्या. शेजारी उभी असलेली आलिशान गाडी आरशात मुंगीएवढी झाली. बंद काचांच्या आत माई एकटीच खदाखदा हसली, आणि पुढचा सिग्नल लाल असावा अशी मनापासून इच्छा करू लागली.

वेगमर्यादा तिने एकदाही ओलांडली नव्हती. फक्त तिथवर पोहोचायला ती फार वेळ लावत नव्हती.

त्यामुळे चिरंजीवांच्या निकालानंतर तिची पंचाईत झाली. गप्प बसावं तर म्हातारी म्हणून किल्ली जाणार. खरं सांगावं तर वाह्यात म्हणून जाणार. तिसरा मार्ग म्हणजे शहाण्यासारखं वागणं. तोही तिने करून बघितला. आठवडाभर ती अशी हळुवार निघाली, की आपण अंड्यांवरून गाडी नेतोय असं तिचं तिलाच वाटलं. मग एका सकाळी सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने खाली तिच्याकडे बघितलं आणि भलीमोठी जांभई दिली. ती जांभई माईला सहन झाली नाही. शहाणपण तिथेच, त्या चौकात, संपलं.

मग तिने शास्त्राचा आधार घेतला. मागचे टायर जास्त झिजतात ना? मग वर्षाच्या मध्यावर मागचे पुढे घ्यायचे आणि पुढचे मागे. उरलेले सहा महिने दुसऱ्या जोडीला मार बसेल आणि वर्षअखेर चारही सारखे. टायरवाले तर हे करायलाच सांगतात. लबाडी एवढीच, की ते चिरंजीवांना कळवायचं नाही.

तरणतलावाशेजारी एक टायरवाला होता. गाडी त्याच्याकडे सोडून माई पोहायला गेली. जाण्याआधी तिने मागच्या दोन्ही टायरच्या कडेला गुलाबी नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. नोंद ठेवायची सवय हाडात मुरलेली, त्याला इलाज नाही.

"पुढची मागे, मागची पुढे. एवढंच ना आजी?"

"एवढंच. हवा गाडीच्या दारावर लिहिलीय तेवढी भर, अंदाजाने नको. जड गाडी आहे. आणि आजी म्हणू नकोस, पाण्यात गेले की तुझ्यापेक्षा पुढे असते मी."

ओल्या केसांनी माई परत आली तेव्हा ठिपके पुढच्या चाकांवर होते. ती घरी निघाली आणि वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला निर्धास्तपणे, हिशेबाने आणि अतिशय आनंदाने पाय दाबत गेली. पुढचे सहा महिनेही तसेच गेले.

तपासणीचा दिवस आला. चिरंजीवांनी यंदा एक मोठं दुकान ठरवलं होतं, जिथे चारही चाकं एकदम वर उचलतात. सूनबाईही आल्या. सूनबाई जनावरांच्या डॉक्टर; खरं तर त्यांचा दवाखान्याचा दिवस होता. "बघते तरी काय निघतंय ते," त्या म्हणाल्या, आणि हातातल्या रुमालाला पीळ घालत उभ्या राहिल्या. माईला जरा नवल वाटलं, पण ती स्वतःच्याच विजयाच्या तयारीत होती. काय बोलायचं तेही ठरलं होतं: "थरथर गेली वाटतं माझी!"

गाडी वर गेली. चिरंजीवांनी पट्टी काढली. पुढचा उजवा बघितला, मान डोलावली. मागचा उजवा बघितला. मागचा डावा बघितला. मग त्यांनी माईकडे जे बघितलं, त्यात केवळ करुणा होती.

"मागचे दोन्ही, माई. गेल्या वर्षीसारखेच."

"शक्यच नाही," माई म्हणाली. आणि अगदी त्याच क्षणी सूनबाई म्हणाल्या, "हे कसं शक्य आहे?"

माईने मान उंचावून मागच्या टायरकडे बघितलं. कडेला, धुळीतून, गुलाबी ठिपका तिच्याकडे बघत होता. दुसऱ्या टायरवरही. जे टायर पुढे गेले होते ते आता मागे होते. टायर आपल्या पायांनी चालत परत येत नाहीत. म्हणजे कोणीतरी त्यांना आणलं.

तिने सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंचा चेहरा चोर पकडला गेल्यासारखा नव्हता. चोरलेला माल आपल्याच खिशातून गायब झालेला बघून चोराचा होईल, तसा होता.

पाण्याच्या टाकीशी दोघी जवळ आल्या.

"तू काही केलंस का?" माईने ओठ न हलवता विचारलं.

"मी? छे. तुम्ही?"

"मी कशाला काय करीन?"

थोडा वेळ दोघी टाकीची तोटी न्याहाळत राहिल्या.

"मी दवाखान्याजवळच्या टायरवाल्याकडून पुढची मागे करून घेतली होती," सूनबाई तोटीला म्हणाल्या.

"कधी?"

"तुमचा तलाव सफाईसाठी बंद होता ना, त्या आठवड्यात."

"अगं, मी त्याच्या आदल्याच आठवड्यात केली होती!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. माईने हवेत दोन बोटं उलटी केली, मग पुन्हा सुलटी केली. सूनबाईंनी रुमाल तोंडात कोंबला.

"म्हणजे आपण दोघींनी मिळून..."

"काहीच केलं नाही," माई म्हणाली. "अत्यंत काळजीपूर्वक."

"माई, हसवू नका, तो बघतोय."

"पण तू का केलंस? तुझा पाय कुठे थरथरतो?"

सूनबाईंनी मान खाली घातली. "पहिल्यांदा एका कुत्र्यासाठी निघाले होते. खरंच तातडीचं होतं. सिग्नल सुटला आणि पोटात असं काही झालं... मग नंतर नंतर कुत्रा नसतानाही."

माईला तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं दोघी एका घरात राहत होत्या, साखर संपली का आणि गॅस बंद केला का एवढंच बोलत होत्या, आणि एकाच चौकात एकच पाप करत होत्या.

तेवढ्यात दुकानदार गाडीखालून ओरडला, "साहेब, इकडे बघा! पुढचा डावा आतल्या कडेने झिजलाय. नुसती आतली कडच, बाहेरून नवाकोरा. चाक जोरात कशावर तरी आपटलंय, सरळ चालत नाहीये. फुटपाथवर चढवता काय गाडी?"

चिरंजीव खोकले. गाडी रविवारी ते लावत. फुटपाथला अगदी चिकटून लावत.

"माई," सूनबाई कुजबुजल्या, "संधी आहे. सगळं त्याच्याच गळ्यात घालू या."

मोह मोठा होता. पण मागच्या चाकांचं खापर पुढच्या चाकावर फोडणं म्हणजे एका रुग्णाचा ताप दुसऱ्याच्या नावावर लिहिणं. माई घुटमळली. आणि चिरंजीव हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन आले.

"बस, माई. पाणी घे. मनाला लावून घेऊ नकोस." दुसरा हात त्यांनी पुढे केला. "किल्ली दे. होतं या वयात."

"मी आहे रे ती!" सूनबाईंच्या तोंडून निघून गेलं. "माझ्यामुळे झिजले. माई नाहीत!"

"आणि मी पण," माई म्हणाली. "माझा पाय थरथरत नाही. मी मुद्दाम दाबते. प्रत्येक सिग्नलला. मला फार मजा येते."

चिरंजीवांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "तू तिला वाचवायला बघतेस, ती तुला वाचवायला बघतेय. इतकं प्रेम आहे तुमच्यात! पण माई, खोटं नको बोलूस. तब्येतीचं असं लपवू नये."

हे अती झालं. माईने चपला काढल्या. पेला घेतला, तळहातावर ठेवला, तो हात समोर ताठ केला आणि डावा पाय उचलून उजव्या पायावर उभी राहिली. दुकानाच्या मधोमध, वर उचललेल्या गाडीशेजारी.

"माई, पडशील!"

"बोलू नकोस. ऐक. पेट्रोलच्या गाडीला जोर गोळा करायला वेळ लागतो. हिला लागत नाही. पाय पडला की पहिल्या क्षणाला सगळा जोर. म्हणून मागचा टायर रस्त्याला घट्ट धरतो आणि थोडा थोडा खरवडला जातो. हे म्हातारपण नव्हे, हे भौतिकशास्त्र आहे. पाणी सांडलं का?"

पाणी सांडलं नव्हतं. नट सोडवणारं यंत्र थांबलं होतं. दुकानातली सगळी माणसं बघत होती. हवा भरायला आलेल्या एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

"नाही," चिरंजीव म्हणाले.

"पाय थरथरला का?"

"नाही."

"मग माझ्याबद्दल काय सिद्ध झालं?"

चिरंजीवांनी पुन्हा त्या पायाकडे बघितलं. "माझी आई..."

"वाह्यात आहे," माईने वाक्य पुरं केलं आणि पाय टेकला. "म्हातारी मग सवडीने होईन. आता किल्ली न्यायची तर त्या कारणासाठी ने. थरथरीसाठी देणार नाही."

"आणि माझीही घे," सूनबाई म्हणाल्या. "फक्त भल्या पहाटे तलावावर माईंना आणि कुठलं कुत्रं कधी आजारी पडेल तेव्हा मला सोडायला तू येत जा. आणि तुझी किल्ली कोणाकडे द्यायची तेही सांग. फुटपाथकडे?"

दुकानदाराला गाडीखाली काहीतरी तातडीचं सापडलं आणि तो तिथेच हसत बसला.

चिरंजीवांनी पसरलेला हात बघितला, मागे घेतला, खिशात घातला. "यापुढे चाकं बदलायची ती मला सांगून," ते शेवटी म्हणाले. "एकाच दुकानात. आणि एका वेळी एकीनेच."

चाकं सरळ केली, चारही टायर नवे बसले. दुकानदाराने बजावलं, "नवं रबर निसरडं असतं. सुरुवातीला अगदी हळुवार चालवा. एकदम दाबलंत तर घसरेल."

माई चालवायला बसली. चिरंजीव शेजारी, सूनबाई मागे. गाडी दुकानातून निघाली ती चिरंजीवांच्या लिफ्टसारखी. सुटली कधी हे आतल्या माणसाला कळलंच नाही. चिरंजीवांनी समाधानाने हात मांडीवर ठेवले.

पहिल्या सिग्नलला सगळे पुढे गेले. माई शेवटी निघाली. एक सायकलवाला त्यांच्या पुढे निघून गेला. फुटपाथवरून बाबागाडी ढकलत चाललेली बाई बराच वेळ बरोबरीने चालत होती. आतलं बाळ माईकडे टक लावून बघत होतं. मागच्या सीटवरून सूनबाईंचा हुंदका दाबल्यासारखा आवाज आला.

दुसऱ्या सिग्नलला मागून हॉर्न सुरू झाले. आधी एक, मग सगळेच. बाबागाडी आता पुढे गेली होती. चिरंजीव खुर्चीत सरकले, मागे वळून बघितलं, पुन्हा सरकले.

"माई, सगळे खोळंबलेत. जरा दाब ना."

"टायर नवे आहेत," माई शांतपणे म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना.